पंचांगांत सांपडलेलें मैदान

आपल्या घरांत प्रत्येक गोष्टीला जागा असते. देवाला देव्हारा असतो, धान्याला कोठी असते, पाहुण्याला बैठक असते, मुलांच्या अभ्यासाला खिडकीजवळचा कोपरा असतो. खेळाला मात्र जागा राखून ठेवण्याचा प्रघात आपल्यांत नाहीं. मुलें लहान असतात तोंवर तीं ओसरीवर, आंगणांत, गल्लींत आपली जागा आपण करून घेतात. तीं मोठीं झालीं, कीं मुलगे मैदानावर जातात आणि मुलींचा खेळ बहुधा तेथेंच संपतो. पुढें पन्नाशीच्या सुमारास डॉक्टर जेव्हां “रोज घाम येईपर्यंत हालचाल करा” असें बजावतात, तेव्हां घरांतील कर्त्या स्त्रीपुरुषांना प्रथमच प्रश्न पडतो, कीं ही हालचाल करावयाची तरी कोठें? आम्हांला हा प्रश्न एका नव्या खेळाच्या निमित्तानें पडला, आणि त्याचें उत्तर अगदींच अनपेक्षित ठिकाणीं मिळालें. तें इतर गांवच्या कुटुंबांनाहि उपयोगी पडेल, असें वाटल्यावरून हा मजकूर लिहीत आहों.

मोताळा हें बुलढाणा जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. आमच्या जिल्ह्याचे लोक बोलतांना सहज दोन मुलूख मानतात. एक घाटावरचा आणि दुसरा घाटाखालचा. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, समुद्रसपाटीपासून सुमारें ६४० मीटर उंचीवर बुलढाणा शहर आहे. तेथून मलकापूरच्या रेल्वे स्टेशनाकडे निघालें, कीं रस्ता राजूर घाटाचीं वळणें घेत खालीं उतरतो, आणि घाट संपल्यावर थोड्याच वेळांत मोताळा लागतो. पुढें पूर्णेच्या खोऱ्यांतील काळी, कापसाची सपाटी पसरलेली आहे. एका बाजूस डोंगर, दुसऱ्या बाजूस सपाटी. येथें खेळावयास जागेची वाण ती कसली, असें परक्याच्या मनांत सहज येईल. आमच्याहि मनांत तेंच आलें होतें.

आमचा पुतण्या पुण्यास नोकरीला असतो. त्यानें एका दिवाळीस येतांना चार बॅटी, सहा चेंडू आणि घडी होणारी एक जाळी आणली. खेळाचें नांव पिकलबॉल. ‘पिकल’ म्हणजे लोणचें हें कळतांच आमच्या आत्याबाईंनीं “लोणच्याचा चेंडू” असें त्याचें बारसें करून टाकलें, आणि घरांत तेंच नांव रूढ झालें.

ह्या खेळाची जन्मकथा मोठी घरगुती आहे. १९६५ सालच्या उन्हाळ्यांत अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यांतील बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड व बिल बेल ह्या दोन स्नेह्यांचीं कुटुंबें सुटी घालवीत होतीं. घराशेजारीं बॅडमिंटनचें जुनें कोर्ट होतें, पण खेळाचें पुरतें साहित्य हाताशीं नव्हतें. तेव्हां त्यांनीं टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोंकें असलेला प्लॅस्टिकचा एक चेंडू घेऊन घरच्या माणसांना खेळावयास लावलें. पुढें बार्नी मॅकॅलम हे शेजारी त्यांना मिळाले आणि तिघांनीं मिळून नियम ठरविले. नांव प्रिचर्डबाईंनीं दिलें. नौकांच्या शर्यतींत इतर नावांतून उरलेल्या वल्हेकऱ्यांची जी नाव करतात, तिला तिकडे ‘पिकल बोट’ म्हणतात. हा खेळहि असाच उरल्यासुरल्या वस्तूंचा, म्हणून त्याचें नांव पिकलबॉल. ज्या बॅडमिंटनचें कोर्ट त्यांनीं उसनें घेतलें, तो खेळ एके काळीं पुण्याच्या लष्करी छावणींत ‘पूना’ ह्या नांवानें ओळखला जाई. तेव्हां नात्यानें पाहूं गेल्यास हा पाहुणा अगदींच परका नव्हे.

भारतांत त्याला आणण्याचें श्रेय मुंबईचे श्री. सुनील वालावलकर यांच्याकडे जातें. त्यांनीं हा खेळ कॅनडांत पाहिला, येतांना साहित्य बरोबर आणलें, आणि २००८ सालीं अखिल भारतीय पिकलबॉल असोसिएशन स्थापन केली. आतां मुंबई-पुण्याकडे तासावर भाडें घेऊन कोर्टें दिलीं जातात, आणि हापिसांतून सुटलेलीं तरुण माणसें रात्रीं दिव्यांच्या उजेडांत खेळतात.

कोर्ट ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद असतें. जाळी दोन्ही कडांना ३ फूट आणि मध्यावर २ फूट १० इंच उंच असते. सर्व्हिस खालच्या हातानें, समोरच्या तिरप्या चौकोनांत करावयाची. सर्व्हिस झाल्यावर दोन्ही बाजूंना एकेकदां चेंडूचा टप्पा पडूं द्यावा लागतो. त्यानंतर तो अधांतरीं मारण्यास हरकत नाहीं. परंतु जाळीच्या दोन्ही अंगांस ७ फुटांपर्यंत जो पट्टा असतो, त्यांत उभें राहून अधांतरीं चेंडू मारण्याची मनाई आहे. ह्या पट्ट्याला खेळाडू ‘किचन’ म्हणतात. आत्याबाईंना हा नियम सर्वांत आधीं समजला. “म्हणजे सोवळ्यांतलें स्वयंपाकघर!” त्या म्हणाल्या. “आंत यायला हरकत नाहीं, पण चेंडूनें भुईला हात टेकल्याशिवाय त्याला शिवायचें नाहीं.” ज्यानें ११ गुण केले आणि निदान २ गुणांची आघाडी राखली, तो जिंकला. धांवपळ बेताची असल्यानें नात आणि आजी एका बाजूनें खेळूं शकतात, हें ह्या खेळाचें मोठें वैशिष्ट्य होय.

साहित्य आलें, नियम कळले, आतां जागा पाहिजे. आम्हीं पहिल्यानें घरची गच्ची मोजली. ती लांबीस अपुरी पडली. आंगण रुंदीस पुरेसें होतें, पण त्याच्या मधोमध तुळशीवृंदावन आहे, आणि तें हलविण्याचा विचार कोणाच्या मनांत आला नाहीं. शिवाय नुसत्या ४४ फुटांनीं भागत नाहीं. खेळणाराला मागें व बाजूला सरण्यास वाव हवा. त्यासाठीं निदान ६० फूट लांब आणि ३० फूट रुंद अशी मोकळी जागा लागते.

मग गांवाबाहेरच्या मोकळ्या जमिनी पाहिल्या. येथें आमच्या काळ्या मातीनें आपला स्वभाव दाखविला. पाऊस पडला, कीं ही माती फुगते आणि पायाला चिकटते. उन्हाळ्यांत ती आटते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कपाशीला ती माउली खरी, पण भोंकांच्या चेंडूला तिचा कांहींच उपयोग नाहीं. हा चेंडू वजनाला २५ ग्रॅमच्या आसपास असतो. मऊ भुईवर तो पडला, कीं तेथेंच बसतो. मुरूम टाकून धुम्मस केलेल्या जागेवर तो उडतो, पण खडा लागला, कीं वांकडा जातो. त्याला खरी मानवते ती काँक्रीटची किंवा फरशीची भुई. डोंगराच्या बाजूस गेलें तर सपाट जागा थोडी आणि वारा फार. इतक्या हलक्या चेंडूला वाऱ्याची झुळूकहि पुरते. सूर्योदयाच्या सुमारास हवा शांत असते. भुई तापूं लागली, कीं वारा सुटतो. तेव्हां उघड्यावर खेळावयाचें तर पहांटेनंतरचा तास-दीड तास, एवढाच काळ हातीं लागतो. त्यांतहि कोर्ट दक्षिणोत्तर असावें, म्हणजे सूर्य कोणाच्याच डोळ्यांत येत नाहीं.

अशा जागा गांवांत कोठें कोठें आहेत, त्यांची आम्हीं यादी केली. धान्याच्या लिलावाचे ओटे पक्के होते, पण उंच आणि कठडा नसलेले. मागें सरतांना प्रौढ माणूस तेथून पडलें, तर हाडच मोडावयाचें. म्हणून ते आम्हीं सोडून दिले. एका जिनिंगचें आवार उत्तम फरसबंद होतें. परंतु दिवाळीपासून होळीपर्यंत तेथें कापसाच्या गाड्यांची रीघ असते. एका शाळेंत प्रार्थनेसाठीं केलेलें काँक्रीटचें आंगण होतें. तें शाळा भरण्यापूर्वीं मोकळें असे. एका मंगल कार्यालयाचा दिवाणखाना लांबरुंद होता. पण तेथें लग्नें. प्रत्येक जागा चांगली, आणि प्रत्येक जागा दुसऱ्या कोणाच्या तरी कामाची. आमच्या पुतण्यानें पुण्याहून फोनवर निर्वाळा दिला, कीं “तुमच्या गांवीं जागाच नाहीं.”

आत्याबाईंना हें पटलें नाहीं. त्यांनीं भिंतीवरचें पंचांग काढलें आणि यादी शेजारीं ठेवली. त्यांचें म्हणणें असें, कीं जागा रिकामी नसते हें खरें, परंतु ती बारा महिने भरलेलीहि नसते. आषाढ शुद्ध एकादशीस देव निजतात, ते कार्तिकांत उठतात. तुळशीचें लग्न लागल्यावर मग माणसांचीं लग्नें. आतांशा काढीव मुहूर्त निघतात खरे, तरी चातुर्मासांत मंगल कार्यालयें बरेच दिवस ओस असतात. आणि नेमका तोच आमच्याकडचा पावसाळा, ज्या दिवसांत उघड्यावर पाय ठेवण्याची सोय नाहीं. पुढें गुरु-शुक्राचे अस्त असतात. एके काळीं ज्या अस्तांनीं वधूपित्याच्या पोटांत गोळा येई, ते आमच्या हिशेबीं जमेच्या बाजूस पडले. तुळशीच्या लग्नापासून फाल्गुनापर्यंत शाळेचें आंगण. सकाळची थंडी असल्यानें खेळ आणखीच गोड. चैत्र-वैशाखांत पारा ४० अंशांच्या वर जातो, परंतु जिनिंगचा हंगाम आटोपलेला असल्यानें त्या आवारांत सकाळीं सहापासून साडेसातपर्यंत खेळतां येईल. असें बारा महिन्यांचें वेळापत्रक त्यांनीं अर्ध्या तासांत मांडलें.

ही युक्ति आम्हांला नवी वाटली, तरी ती नवी नव्हे. १९८० सालीं ऑल इंग्लंड बॅडमिंटन स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय प्रकाश पदुकोण हे बंगळूरच्या मल्लेश्वरम् भागांतील कॅनरा युनियनच्या सभागृहांत खेळावयास शिकले. तें सभागृह लग्नकार्यांस दिलें जाई, आणि कार्य नसेल त्याच दिवशीं मुलांना खेळावयास मिळे. जगज्जेत्याला लग्नाच्या तिथींतून सवड काढावी लागली. मग आम्हां घाटाखालच्या मंडळींना तिचा कमीपणा कां वाटावा?

वेळापत्रक झालें, पण किल्ल्या दुसऱ्यांच्या हातीं होत्या. खरें काम येथून पुढें होतें. एका ठिकाणीं आम्हांस नकार मिळाला. तेथील चालक सद्गृहस्थ होते, बोलले सौजन्यानें. “मुलें खेळणार असतील तर खुशाल खेळूं द्या,” ते म्हणाले, “पण बायकामाणसें खेळूं लागलीं, तर बघ्यांची गर्दी होईल आणि तुम्हांलाच संकोच वाटेल.” आमच्या वहिनी शेजारींच उभ्या होत्या. त्यांना मधुमेह आहे, आणि हा सारा खटाटोप मुळांत त्यांच्यासाठीं चालला होता. त्या तेव्हां कांहीं बोलल्या नाहींत. घरीं आल्यावर मात्र म्हणाल्या, “सोळाव्या वर्षापर्यंत मी शाळेच्या खो-खोच्या संघांत होतें. त्यानंतर मला खेळूं नको असें कोणीं कधीं सांगितलें नाहीं. नुसती जागा नव्हती, एवढेंच.”

हें वाक्य आमच्या मनांतून गेलें नाहीं. आपल्या घरांतून मुलींना शिकविण्यास आतां कोणी नाहीं म्हणत नाहीं. नोकरीसहि म्हणत नाहीं. तरीहि खेळाच्या बाबतींत अशी अदृश्य बंदी चालूच राहते, कारण ती कोणीं घातलेलीच नसते. मैदानावर मुलांचें क्रिकेट असतें, रस्त्यावर वाहनें असतात, व्यायामशाळेची वेळ स्वयंपाकाच्या वेळेवर येते. नाहीं म्हणणारा कोणी नाहीं, म्हणून भांडावयाचें तरी कोणाशीं? अशा वेळीं कोणीतरी जाऊन किल्ली मागावी लागते.

शाळेची किल्ली वहिनींनीं स्वतः मागितली. मुख्याध्यापकांनीं दोन अटी घातल्या. प्रार्थनेपूर्वीं जागा मोकळी झाली पाहिजे, आणि शाळेच्या मुलींना हा खेळ शिकविला पाहिजे. शिपायानें तिसरी घातली: “कुलूप मी काढून देईन, बाई, पण आंगण झाडणं तुमच्याकडं.” तिन्ही अटी आम्हीं आनंदानें मान्य केल्या. आंखणी करतांना कोपरे काटकोनांत येण्यासाठीं सुतळीनें कर्ण मोजला; तो दोन्ही बाजूंनीं ४८ फूट ४ इंच भरला, तेव्हां कोर्ट सरळ बसलें. रेघा गेरूनें मारल्या. रांगोळीची सूचना आली होती, पण तिच्यावरून पाय घसरतो.

बघ्यांची गर्दी झाली, हें कबूल केलें पाहिजे. पहिले आठ दिवस भिंतीपलीकडे पंधरा-वीस डोकीं दिसत. दुसऱ्या आठवड्यांत तीं डोकीं बाहेर गेलेला चेंडू परत फेकूं लागलीं. तिसऱ्या आठवड्यांत दहावींतल्या दोघी मुलींनीं दाराशीं येऊन विचारलें, “काकू, आम्हांला एक डाव द्याल?” त्यानंतर गर्दी राहिली नाहीं, जीं माणसें उरलीं तीं आपल्या पाळीची वाट पाहणारीं होतीं.

अडचणी आल्या नाहींत असें नव्हे. ह्या खेळांत बॅटीवर चेंडूचा टकटक असा कर्कश आवाज होतो. अमेरिकेंत ह्या आवाजावरून शेजाऱ्या-शेजाऱ्यांत तंटे झालेले आहेत. शाळेच्या पाठीमागें एक अभ्यासिका आहे. तेथें स्पर्धापरीक्षांचीं मुलें पहांटेपासून बसतात. त्यांच्यापैकीं एकानें येऊन नम्रपणें तक्रार केली, आणि ती रास्त होती. आम्हीं कोर्ट आंगणाच्या दुसऱ्या टोकास नेलें आणि परीक्षेच्या पूर्वींचे पंधरा दिवस खेळ बंद ठेवण्याचें ठरविलें. दुसऱ्याच्या जागेंत, दुसऱ्याच्या शेजारीं खेळतांना एवढी मर्यादा पाळलीच पाहिजे.

प्रौढ वाचकांसाठीं दोन शब्द सांगून ठेवतों. बॅटीपेक्षां आधीं पायांतील बुटांवर खर्च करावा. तळवा घसरणारा नसावा. डोक्यावरून चेंडू गेला, तर उलट्या पावलीं मागें धांवूं नये. अंग वळवून मग जावें, किंवा सरळ तो गुण सोडून द्यावा. कार्यालयाची फरशी पुसलेली असेल, तर ती वाळेपर्यंत थांबावें. ज्यांना हृदयविकार किंवा गुडघ्याचें दुखणें आहे, त्यांनीं डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरूं नये. आत्याबाई स्वतः खेळत नाहींत. त्या खुर्चीवर बसून गुण मोजतात, आणि किचनचें सोवळें मोडणाराला मुळींच सोडीत नाहींत.

वऱ्हाडाला खेळाची परंपरा नाहीं असें कोणीं समजूं नये. अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालीं निघालें, आणि १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळीं त्याच्या पथकानें आपले देशी खेळ जगाला दाखविले. तेवढें मोठें कार्य प्रत्येक गांवीं होणार नाहीं. परंतु लहान गोष्टी होण्यासारख्या आहेत. जेथें जेथें शाळेचें आंगण किंवा समाजाचें सभागृह नव्यानें बांधलें जात असेल, तेथें काँक्रीट ओलें असतांनाच २२ फुटांच्या अंतरावर जाळीच्या खांबांसाठीं दोन नळ्या पुराव्या. त्यांवर झांकण बसविलें, कीं इतर दिवशीं त्यांचा कोणासहि अडथळा नाहीं. खर्च किरकोळ, पण पुढच्या पिढींतील मुलींना जागा शोधीत हिंडावें लागणार नाहीं.

सध्यां आमच्याकडे सकाळीं बारा-तेरा माणसें जमतात. सर्वांत धाकटी खेळाडू नऊ वर्षांची आहे. सर्वांत वडील एकसष्ट वर्षांचे, निवृत्त पोस्टमास्तर. वहिनींची साखर अद्यापि औषधावरच आहे, परंतु त्या रोज एक तास खेळतात आणि त्यांचा खो-खोंतला चपळपणा जाळीजवळ अजून दिसून येतो. पुतण्या गेल्या खेपेस आला, तेव्हां त्याला आपला पहिला डाव त्यांच्याकडून ११–६ असा गमवावा लागला. “पुण्याला तासाला पैसे भरून खेळतों मी,” तो म्हणाला. वहिनींनीं त्याच्या हातीं झाडू दिला आणि म्हणाल्या, “येथें हें भरावें लागतें.”

तालुक्यांच्या गांवीं राहणाऱ्या आमच्या वाचकभगिनींनीं हा प्रयोग आपापल्या ठिकाणीं करून पाहावा. चार बॅटी, एक जाळी, गेरूचा एक खडा आणि चालू वर्षाचें पंचांग, एवढें साहित्य पुरें होतें. किल्ली कोणाकडे आहे, याची चौकशी मात्र स्वतः जाऊन करावी.